आधी पाटाला नमस्कार

अण्णा गेले तेव्हा मी इथंच सिंगापुरात, यिशुनला होते. मैत्रिणीचा सोऱ्या परत करायला गेले होते. दिवाळीत चकल्यांसाठी नेलेला सोऱ्या मी जूनमध्ये परत करत होते, त्यावरून ती मला टोमणे मारत होती, मी निर्लज्जासारखा दुसरा कप चहा पीत होते, आणि इराचा फोन आला. "मम्मा, आजोबा इज नॉट वेकिंग अप." शाळेला सुट्टी होती, दोघंच घरी होते. जेवून, वर वाटीभर ताक पिऊन अण्णा खिडकीपाशी खुर्चीत टेकले होते, ते तसेच गेले. मी यिशुनच्या स्टेशनवर कशी पोचले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की गाडी येताना दिसली तशी मी पुढे धावले आणि प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या रेषेपाशी गपकन थांबले. खाली वाकून चपलेचं टोक रेषेच्या अलीकडे आहे ना, ते बघितलं. शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही बया चपलेचं टोक तपासतेय… काय वाटलं असेल तिला, देव जाणे.

ती सवय अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे. युद्ध संपल्यावर झालेल्या पहिल्या ऑलिंपिकला, लंडनला, लांब उडीसाठी गेलेले. त्यांना जाऊन आता महिना उलटून गेला. मंडळाच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा मी चांगली गंभीर होऊन बसले होते. पण अण्णांबद्दल गंभीर व्हायला बसलं, की कुठून तरी हसू फुटतं. त्याला माझा इलाज नाही.

सासूबाई गेल्यावर ते कराडचं घर बंद करून आमच्याकडे सिंगापूरला आले. मी बँकेत हिशेब तपासणारी बाई, त्यात तोंडानं फटकळ. सासरे कायमचे येणार हे मला काही रुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? ऑलिंपिकला गेलेला माणूस म्हणजे पहाटे उठवणार, तळलेलं बंद करणार, इराच्या टीव्हीवर डोळे वटारणार, असं मी गृहीत धरून बसले होते. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारावं, तर तो म्हणे, "अण्णा ना? येऊ दे, मग कळेल तुला." हा माणूस कधी सरळ उत्तर देईल तर शपथ! आम्ही विमानतळावर काचेपलीकडून बघतोय, तर सगळे प्रवासी बाहेर पडले आणि अण्णा आत अडकलेले. धोतरात गुंडाळलेलं एक लाकूड टेबलावर ठेवलेलं आणि गणवेषातली एक पोरसवदा बाई ते उलटसुलट करून बघतेय. नंतर कळलं, की तिनं "हे काय आहे?" असं विचारल्यावर अण्णांनी ऐटीत सांगितलं होतं, "डायनिंग चेअर." ती बिचारी त्याचे पाय शोधत होती. तो स्वयंपाकघरातला जेवायचा पाट होता. सागवानी, जुना, मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि खालचे पाय कापलेला. बाहेर आल्या आल्या त्यांनी मला पहिलं वाक्य टाकलं ते असं, "वृंदा, मला झोपायला कुठंही जागा दे. पण याला दाराजवळ लागते."

झालं! बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराच्या आत, चपलांच्या शेजारी तो पाट येऊन बसला. घर आधीच चिमूटभर, त्यात दारातच ही धोंड. पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या घाईत माझी करंगळी त्यावर अशी आपटली, की मी किंचाळले. कुणी म्हणेल, सासरे धावत आले असतील, तर छे! खुर्चीतून मान वळवून म्हणाले, "आधी पाटाला नमस्कार कर. मग ओरड." मी एका पायावर नाचतेय आणि हे मला शिष्टाचार शिकवतायत! पायाला काही लागलं तर नमस्कार करायचा, हे मलाही माहेरी शिकवलं होतं, पण करंगळीचा जीव जात असताना? मी तशीच ओरडले. अण्णा शांतपणे उठले, पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "तुझ्या वाटचा मी केला. आता ओरड हवं तेवढं." त्यावर कुणाला ओरडता येईल? मी लंगडत ऑफिसला गेले आणि गाडीत एकटीच हसले.

माझे सगळे अंदाज त्यांनी असे एकेक करून खोटे पाडले. पहाटे उठायचे, पण कुणाला उठवायचे नाहीत. खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरून नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट आणि कोपी, म्हणजे इथली गोडमिट्ट कॉफी, घेऊन यायचे आणि मधुमेहाचं नाव काढलं, की "साखर वर वर आहे, आत नाही" असं काहीतरी ठोकून द्यायचे. आमच्या शेजारचे गो अंकल त्यांचे जिवलग झाले. गो अंकलना इंग्रजी बेताचं, अण्णांचं इंग्रजी ब्रिटिशांच्या वेळचं. दोघं तासन् तास कॉरिडॉरमध्ये बसून काय बोलायचे कुणास ठाऊक, पण हसायचे मात्र खदाखदा. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अण्णांना सर्वांत जास्त काय आवडलं असेल, तर प्लॅटफॉर्मवरची पिवळी रेषा. "हे पहिलं शहर बघितलं, जिथं सरकारनं सगळ्यांसाठी उडीची फळी आखून ठेवलीय," म्हणायचे. रेषेच्या अगदी अलीकडे चपलेचं टोक आणून उभे राहायचे आणि कुणाचं पाऊल पलीकडे पडलं, की माझ्या कानात पुटपुटायचे, "फाउल." टाय लावलेला माणूस असो नाहीतर बाबागाडीवाली आई, सगळे फाउल. मी "अण्णा, हळू!" म्हणून दटावायचे, आणि पुढच्या स्टेशनला मीच रेषेकडे बघायला लागायचे.

ऑलिंपिकबद्दल मात्र ते बोलत नसत. कुणी विचारलंच तर "बोट लागली आणि परत आलो" एवढंच. सुहासला लहानपणापासून इतकंच ठाऊक होतं, की वडील लंडनला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी उडी मारली नाही. मग एका वर्षी आपल्या मंडळाच्या गणपतीत त्यांचा सत्कार ठरला. निवेदन करणाऱ्या मुलाला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यानं सुरुवातच केली, "ऑलिंपिक गाजवणारे, तिरंग्याची शान उंचावणारे…" अण्णा शाल सावरत उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बाळ, बस खाली. गाजवलं नाही. वाजवलं." सभागृह हसलं, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा, माझ्यासकट सगळ्यांनी ती गोष्ट ऐकली.

अण्णांच्या गावी कृष्णेच्या काठाला वाळूच वाळू. उडी मारायला दुसरं काही नको, पण उडताना पाय ठेवायला घट्ट फळी तर लागते! अण्णांनी स्वयंपाकघरातला एक पाट उचलला, जमिनीत नीट बसावा म्हणून त्याचे पाय कापले, आणि काठावर गाडला. रात्रीच्या पंगतीला एक पाट कमी पडला. दुसऱ्या दिवशी त्यांची आई शोधत नदीवर आली, तर चिरंजीव त्याच पाटावर पाय आपटून हवेत. "आई म्हणाली, 'ज्यावर बसून जेवतोस त्याला लाथा घालतोस?' मी म्हटलं, 'लाथ नाही आई, उडी.' ती म्हणाली, 'मग उड्या मार नाहीतर आणखी काही कर, पण दर उडीनंतर आधी माघारी येऊन पाटाला नमस्कार करायचा. त्याशिवाय दुसरी उडी नाही.' आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मी नमस्कार करतो का ते बघत." तिथून ते अंगवळणीच पडलं. उडी मारायची, गर्रकन फिरायचं, वाळूतूनच मागे यायचं, वाकायचं. पुढे पुण्याला तालमीसाठी आल्यावर शिकवणाऱ्या मास्तरांनी कपाळावर हात मारला. वाळूतून मागे चालत आलं की उडी बाद धरतात. मास्तर म्हणाले, "पुढून बाहेर पड, बाजूनं वळसा घाल, आणि मग कर तुझ्या पाटाची पूजा." वर्षभर मास्तर खड्ड्याशेजारी उभे राहून एकच शब्द ओरडायचे, "वळसा!" शेवटी तोही अंगात मुरला. सगळ्या स्पर्धांत अण्णा पुढून बाहेर पडून, वळसा घालून, फळीला नमस्कार करून यायचे. लोक हसायचे, पण उडी मोजली जायची.

"आणि मग लंडन," अण्णा म्हणाले आणि थांबले. "पहिल्या दोन उड्यांना पाय फळीच्या पुढं पडला. लाल बावटा. तिसरी शेवटची. धावलो, आणि पाय फळीवर असा बसला… असा बसला, की घरच्या पाटावरच बसला म्हणा ना. वर गेलो तो खाली येईचना! वाळूत पडलो, मागं बघितलं, पांढरा बावटा वर. आपला देश नवा, अंगावरचा सदरा नवा. मला इतका आनंद झाला, की मी लंडन विसरलो. मास्तर विसरलो. वळसा विसरलो. मला वाटलं मी कृष्णेवर आहे आणि आई कमरेवर हात ठेवून उभी आहे. फिरलो, वाळूतून सरळ चालत आलो, आणि फळीला वाकून नमस्कार केला. मान वर करतो तर लाल बावटा." अण्णाच मोठ्यानं हसले. "पंच म्हातारा होता, भला माणूस. मी वाकून काय करतोय ते त्याला कळेना. मला म्हणाला, 'हॅव यू लॉस्ट समथिंग, यंग मॅन?' मी म्हटलं, 'येस, सर.'" टाळ्या अशा पडल्या, की बाप्पासुद्धा दचकले असतील. मागून एका इंजिनिअर मुलानं विचारलं, "पण अण्णा, ती उडी होती किती लांब?" अण्णांनी हात उडवले. "मोजली कुठं?"

परत येताना टॅक्सीत ते माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर सत्काराचा नारळ. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "वृंदा, मला त्याचं दुःख नाही हो. नमस्कार केला, चोरी नाही केली. पण घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, 'किती लांब मारलीस?' आणि मला आकडा सांगता आला नाही. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, उडी राहिली ती राहिलीच. हा तुझा नवरा, यानं जन्मात फक्त नोकऱ्यांमध्ये उड्या मारल्या." पुढच्या सीटवरून सुहास "अण्णा!" म्हणाला. "खरं तेच बोलतोय. आमच्या घरातली शेवटची उडी अजून हवेतच आहे. पुढची कुणीतरी मारावी, ती मोजलेली मी बघावी, 'किती?' म्हटल्यावर आकडा सांगता यावा. मग मी मोकळा." एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला इतकं भरून आलं, की मी उगाच त्यांच्या मांडीवरचा नारळ नीट केला.

इरावर त्यांनी त्याचं ओझं टाकलं नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. पोरगी उंच, तंगड्या लांब. शाळेतल्या सरांनीच तिला लांब उडीत घातलं. जेवताना तिनं, वाक्याला इथलं 'लाह' चिकटवत, सहज सांगितलं, "आय गॉट लाँग जंप, लाह. सो बोरिंग." अण्णांचा हात आमटीच्या वाटीवर तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "भात वाढ गं थोडा." त्या दिवशी त्यांनी तीन वेळा भात घेतला आणि दुसऱ्या दिवशी गो अंकलना घेऊन वाळू शोधायला निघाले. मागच्या ब्लॉकखाली मुलांच्या खेळायच्या जागेत अजून जुनी वाळू शिल्लक होती. बाकी सगळीकडे रबर टाकलेलं. तिथं पाट मांडला गेला. गो अंकल आपल्या कुंड्यांचं दाताळं घेऊन वाळू सारखी करायला हजर. अण्णा ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरणारे, पण इरा धावायला लागली की यांच्या पायाचे अंगठे जमिनीत रुतायचे. शिकवण्याची पद्धत काय, तर नुसती बडबड. "पायाकडं बघू नको, समोरच्या गाड्यांकडं बघ. पाट कुठं जात नाही. पाट घरचा आहे." आणि उडी झाली रे झाली, की मास्तरांचा शब्द, "वळसा!" तो शब्द पुढे आमच्या घरात इतका भिनला, की इरा फ्रीजचं दार उघडं टाकून निघाली तरी मी "वळसा!" ओरडायचे आणि ती मुकाट परत यायची.

नमस्काराला मात्र ती तयार होईना. "आजोबा, नोबडी डज दॅट. सो पाईसे, लाह!" पाईसे म्हणजे इथल्या बोलीत लाजच लाज. मला राग आला, मी तिला झापणार होते, तर अण्णांनी मलाच गप्प केलं. "लाज वाटते तर नको करू. तुझ्या वाटचा मी करतो." आणि खरंच, दर उडीनंतर, गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, हा म्हातारा वाकून पाटाला हात लावायचा आणि कपाळाला न्यायचा. दर उडीनंतर! गो अंकलना पहिल्यांदा वाटलं, यांची कंबर धरलीय. त्यांनी औषधी तेलाची बाटली आणून दिली. इरा दुसरीकडे बघायची, केस बांधायची, बुटाची नाडी सोडून परत बांधायची. पण उड्या मारायचं ती टाळत नव्हती, आणि अण्णा वाकायचं टाळत नव्हते. दोघंही एका नंबरचे हट्टी.

आंतरशालेय स्पर्धेच्या सुमारास अण्णांच्या छातीचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी दगदग नको, उत्तेजना नको, ऊन नको, असं बजावलं. मी म्हटलं, "अण्णा, इरा घरी आल्यावर सांगेल ना सगळं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाटाला लाथ मारली. "वृंदा, आकडा ऐकायचा नसतो. टेप लागताना बघायची असते." मग काय, मी रजा टाकली. डोक्यावर टोपी, हातात पंखा, पाण्याच्या बाटलीत कोकम सरबत, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं गो अंकल, अशी आमची वरात मैदानावर पोचली. जागा मिळाली ती धावपट्टीच्या कडेला, फळीच्या थोडी मागे. इराची पहिली उडी, लाल बावटा. दुसरी… पुन्हा लाल. मी अण्णांचा हात धरला, तो गार लागला. माझ्या मनात आलं, देवा, पदक नको, पण या माणसाच्या डोळ्यांदेखत पुन्हा तेच नको रे! मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. अण्णांनी तोंडाला हात लावून हाक दिली, "इरा! पाट घरचा आहे!" मैदानावरच्या शेदोनशे माणसांत ते एकाच पोरीला कळलं.

ती धावली. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तो पाय फळीवर पडलेला मला ऐकू आला. वाळू उडाली आणि पांढरा बावटा वर गेला. इरा वाळूतच उभी राहिली, तिनं मागे बघितलं, बावटा बघितला, मग कुंपणाशी उभे असलेले अण्णा बघितले, आणि तिचा चेहरा असा फुलला म्हणता! ती वळली. आजोबांकडे यायला, सरळ, वाळूतूनच. एक पाय उचललेला… आणि माझ्या शेजारून, डॉक्टरांनी उत्तेजना नको म्हणून सांगितलेल्या त्या छातीतून, असा आवाज निघाला, की पलीकडच्या गोळाफेकवाल्यांनीही माना वळवल्या.

"वळसा!"

इराचा पाय हवेतच थांबला. क्षणभर ती बगळ्यासारखी उभी राहिली. मग तिनं तो पाय पुढच्या बाजूला टाकला, खड्ड्याच्या पुढून बाहेर पडली, आणि कडेनं पूर्ण वळसा घालून चालत फळीपाशी आली. तिच्या शाळेच्या सगळ्या मैत्रिणी बघत होत्या. ती वाकली, फळीला हात लावला आणि कपाळाला नेला. तिथले तरुण पंच गोंधळून तिला म्हणाले, "यू लॉस्ट समथिंग, अ?" आमची पोरगी मान वर करून, 'टीचर'चं इथल्या पोरांसारखं 'चर करत म्हणाली, "नो, 'चर. नथिंग लॉस्ट." अण्णांना ते नीट ऐकू आलं नव्हतं, मीच त्यांच्या कानात सांगितलं. मग ते आधी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. मीही रडले, आणि काही न कळता गो अंकलनीही चष्मा पुसला. तेवढ्यात टेप ताणली गेली. अण्णा कुंपणाच्या जाळीला बोटं घालून उभे होते. "लागली?" "लागली, अण्णा." "आकडा?" मी आकडा सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला आणि मान वर करून आभाळाकडे बघत आणखी एकदा म्हटला. तो कुणाला सांगितला, ते मला कळलं. आकडा इथं लिहीत नाही, कारण इराची ताकीद आहे. तिची उडी आता त्याहून लांब जाते आणि जुना आकडा छापला तर ती माझ्याशी बोलणार नाही. नंबर वगैरे काही आला नाही. सुहासनं फोनवर पदकाचं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "पदक घाल त्या वाळूच्या खड्ड्यात. टेप लागली, टेप!" आणि उत्तेजना नको म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या नावानं त्यांनी दोन काया टोस्ट खाल्ले.

त्यानंतरचे महिने म्हणजे नुसता आनंद होता. घरी येताच त्यांनी सुहासला टेप घेऊन कॉरिडॉरमध्ये बसवलं. आमच्या दारातल्या पाटापासून मोजलेला तो आकडा बरोबर गो अंकलच्या चपलांच्या रॅकच्या अलीकडच्या कडेला पोचला. झालं, तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा दारात उभं करायचे. गॅसचा माणूस असो, पोस्टमन असो नाहीतर सत्यनारायणाला आलेले पाहुणे. "इथून तिथपर्यंत. आमच्या घरची उडी." रोज सकाळी काठी टेकत ते पाटापासून रॅकपर्यंत चालायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "आज मीही मारली." गो अंकलनी मध्यंतरी नवं, मोठं रॅक आणलं, पण त्याची कड जुन्या जागेवरून तसूभरही हलू दिली नाही. "कॅनॉट मूव्ह, लाह," ते मला म्हणाले, "दॅट वन हिज जंप."

तेराव्याला गुरुजी आले ते इथल्याच सेंगकांगचे. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार सोवळं, असा त्यांचा क्रम. माणूस चांगला, पण नियमाला पक्का. फोटो ठेवायला पाट मागितला. आमच्या घरात पाट एकच. सुहासनं तो दारातून आणून, पुसून ठेवला. गुरुजींनी तो हातात घेऊन फिरवला. "याला पाय नाहीत." सुहास म्हणाला, "कापलेत." "मधे एवढा झिजलाय कशानं?" सुहास माझ्याकडे बघायला लागला, मी सुहासकडे. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं कुठून सुरू करावं ते कळेना. गुरुजींना अंदाज आला असावा. "पायाखालचा पाट असेल तर फोटोला नको, वहिनी. दुसरा बघा." तेवढ्यात मागून इरा पुढे आली. आमची इरा, जिला मी मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, ती मराठीत म्हणाली, "गुरुजी, पाय लागलेत. पण दर वेळी नमस्कार केलाय. माझ्या वाटचापण आजोबांनीच केलाय." आणि मग तिचा बांध फुटला. त्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती. गुरुजींनी पाट खाली ठेवला, स्वतः त्याला हात लावून कपाळाला नेला, आणि अण्णांचा फोटो त्या झिजलेल्या खळग्यात असा नीट बसवला, की तो अजिबात हलला नाही.

कार्य आटोपलं, पाहुणे गेले, पाट पुन्हा दारापाशी गेला. तो कुठं ठेवायचा, हे कुणी विचारलंही नाही. काल सकाळी मला ऑफिसला उशीर झाला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, मी दाराकडे धावले आणि करंगळी पाटावर सणसणून आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आधी माझी छत्री खाली पडली होती, मी वाकले होते, आणि हात पाटाला लावून कपाळाला नेला होता. तशीच वाकून राहिले थोडा वेळ. खुर्चीकडे बघायचा धीर होईना. इरा तेव्हा सरावाला निघाली होती, कॉरिडॉरमध्ये, गो अंकलच्या रॅकपाशी उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. तिनं तिथून, आमच्या घरच्या उडीच्या पलीकडच्या टोकावरून, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"नमस्कार झाला ना, आई? मग ओरड आता."